पोपटपंची झिंदाबाद

परवा शुक्रवारी हापिसच्या कँटीनमध्ये माझी चांगलीच जिरली. म्हणजे जिरवणाऱ्याला तसं वाटलं. तासभर मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोला. मग रात्री घरी आल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं, आणि आज शनिवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन हे खरडायला बसलोय. विकांताचा लेख यावेळी जरा तिखट होणार आहे, आधीच सांगतो.

तर झालं असं. माझी लेक यंदा नऊ वर्षांची होईल आणि तिचं पहिलं कम्युनियन आहे. (ज्यांना माहीत नाही त्यांनी साधारण मुंजीच्या तोडीचा सोहळा समजावा, फक्त सोवळ्याऐवजी पांढरा फ्रॉक आणि केक.) त्याआधी चर्चमध्ये दर रविवारी वर्ग असतो आणि तिथे काही प्रार्थना तोंडपाठ लागतात. त्यातली एक म्हणजे 'नमो मरिया'. लॅटिनमध्ये 'आवे मारिया', इंग्रजीत 'हेल मेरी'. जेवताना मी सहज बोलून गेलो की रोज रात्री पोरीकडून घोकून घेतोय, दुसऱ्या अर्ध्यात अडखळत नाही पण पहिल्यात अडखळते.

माझा एक मित्र चमचा खाली ठेवून म्हणाला, "अरे, तूच ना तो शाळेतल्या पाठांतरावर पानभर आग ओकणारा? आणि आता स्वतःच्या पोरीकडून पोपटपंची?"

हे लागलं. कारण खरं होतं. तो लेख मी लिहिला होता, आणि त्याच्यावर खूशही होतो.

पण गडी तिथे थांबला नाही. क्लॉड शॅननने 1948 साली मांडलेला माहितीचा हिशेब आपण सगळे इंजिनिअरिंगला शिकलो. पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला आधीच शंभर टक्के माहीत असेल, तर त्या निरोपात माहिती शून्य. "तुमच्या रोझरीत किती वेळा म्हणता रे ते?" मी म्हटलं, 53 वेळा. "म्हणजे तू देवाला रोज 53 वेळा शून्य बिट पाठवतोस." टेबलावर हशा. मी पण हसलो. विनोद चांगला होता.

आता उत्तर.

पहिली गोष्ट, हा हिशेब मांडणारा स्वतः ज्या सिस्टिमवर पोट भरतो ती शून्य बिटांवरच उभी आहे. क्लस्टरमधला प्रत्येक सर्व्हर दर काही सेकंदांनी एक ठरलेला निरोप पाठवत असतो. आपण त्याला हार्टबीट म्हणतो. त्यात नवीन काही नसतं. 'मी आहे.' पुन्हा 'मी आहे.' लाख वेळा तेच. हा निरोप वाचायला कोणी बसत नाही, पण तीनदा आला नाही की रात्री अडीच वाजता माझा फोन वाजतो. एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगण्यात अर्थ नसतो असं म्हणणाऱ्याने एकदा ऑन-कॉल ड्यूटी करावी. ज्या निरोपाचा मजकूर ठरलेला आहे, त्याचं काम मजकूर पोचवणं हे नसतंच मुळी. जोडणी जिवंत आहे एवढं सांगणं हे असतं.

अर्थात उपमा उपमेपुरती. सर्व्हरला मरणाची भीती नसते.

रोझरी कशी म्हणतात हे बघितलेलं नसेल तर थोडं सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. पाच मण्यांची शेपटी, मग दहा-दहाचे पाच गट. लहान मणी 53, मोठे 6. प्रत्येक दशकाआधी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं मात्र नवीन आहेत, पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 साली घातलेली. माझ्या आजीने ती शेवटपर्यंत मान्य केली नाहीत. तिच्या घरात गुरुवारी आनंदाचीच चालायची.

आणि चारचौघांत म्हणताना ही प्रार्थना कुणीही एकटा पूर्ण म्हणत नाही. एकजण पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकीचे दुसरा. पहिला अर्धा म्हणजे मरियेला केलेलं अभिवादन, दुसरा अर्धा म्हणजे तिच्याकडे केलेली विनवणी. वसईच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी दिवेलागणीला पप्पा पहिला अर्धा म्हणायचे आणि आई, आजी, आम्ही दोघं भाऊ दुसरा. क्रिकेट सोडून घरात यावं लागायचं म्हणून राग यायचा. मग आम्ही भावांनी शर्यत काढली, पप्पांचं शेवटचं अक्षर संपायच्या आत आपलं पहिलं अक्षर. संपूर्ण माळ बारा मिनिटांत. हे कसलं ध्यान आणि कसलं काय! त्या वयात कोणी मला पोपट म्हटलं असतं तर पोपटाने अब्रुनुकसानीचा दावा लावला असता.

नोकरीसाठी पुण्याला आलो आणि सुटलं. भांडून नाही, बंड म्हणून नाही. जिमसारखं सुटलं. अकरा वर्षं माळ कपाटात. आणि या अकरा वर्षांत माझी मतं अगदी त्या मित्रासारखीच होती, म्हणून त्याच्यावर फार चिडताही येत नाही. प्रार्थना करायचीच तर स्वतःच्या शब्दांत करावी, मनापासून करावी, समजून करावी. उसने शब्द कशाला?

तर त्या स्वतःच्या शब्दांबद्दल थोडं. माझ्या स्वतःच्या शब्दांतल्या प्रार्थना मी आठवून बघितल्या. व्हिसा. अप्रेझल. फ्लॅटचा ताबा. पुन्हा व्हिसा. सरळ सांगायचं तर ते तिकीट लॉग करणं होतं: प्रायॉरिटी हाय, असाइन केलं देवाला, आणि रोज स्टेटस बघायचं. प्रत्येक वाक्याचा कर्ता मी आणि कर्मही मी. अस्सल, मनापासून, शंभर टक्के ओरिजिनल. आणि एकही ऐकण्यासारखी नाही.

2016 च्या पावसाळ्यात पप्पा आजारी पडले. न्यूमोनिया, मग आयसीयू. आत एका वेळी एकालाच सोडायचे, तेही थोडा वेळ. मी त्या खुर्चीत बसलो आणि मला स्वतःचे शब्द सापडेनात. 'देवा, यांना बरं कर' इथपर्यंत ठीक. पुढे? मी चक्क सौदा करायला लागलो. हे दे, मी ते सोडतो. मग स्वतःचीच लाज वाटली. शेवटी काहीच सुचेना तेव्हा तोंडातून 'नमो मरिया' सुरू झालं. आणि मध्यावर येऊन मी थांबलो.

म्हणजे आपोआप थांबलो. पहिला अर्धा संपला की थांबायचं आणि दुसरी बाजू उत्तर देणार, हे अंगात इतकं मुरलेलं. तेव्हा लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदा पप्पांचा भाग म्हटला. तो कधी माझा नव्हता. उत्तराचा भाग माझा होता. आणि उत्तर द्यायला ज्यांनी हवं त्यांच्या तोंडावर मास्क.

शेजारी सलाइन बदलणारी नर्स केरळची होती. तिने हातातलं काम न थांबवता, माझ्याकडे न बघता, दुसरा अर्धा मल्याळममध्ये म्हटला. मला मल्याळमचा एक शब्द येत नाही. पण चाल, लांबी, श्वास कुठे घ्यायचा, सगळं तेच. ती थांबली तिथे मी पुढचा सुरू केला. असं एक पूर्ण दशक झालं असेल, चार-पाच मिनिटं. मग ती पुढच्या बेडकडे गेली. नाव विचारायचं राहिलं. पप्पा दोन दिवसांनी गेले. त्यांना ऐकू येत होतं का, मला माहीत नाही.

आता या चार-पाच मिनिटांचा शॅननच्या हिशेबाने ताळेबंद मांडा. मी काय म्हणणार हे तिला माहीत. ती काय म्हणणार हे मला माहीत. वर मला तिची भाषा येत नाही आणि तिला माझी किती येत होती कुणास ठाऊक. माहिती: शून्य बिट. आणि माझ्या आयुष्यात दुसऱ्या माणसाचं म्हणणं मला इतकं पूर्ण कळलेलं दुसरं कुठलंही संभाषण नाही. यात इंग्रजीतल्या सगळ्या वन-ऑन-वन मीटिंगा धरल्या आहेत. 'समजल्याशिवाय म्हणू नये' म्हणणाऱ्यांनी आधी समजणं म्हणजे काय ते सांगावं. शब्दकोशात बघून कळतं तेवढंच समजणं असेल, तर तुमचं खरंच बरं चाललंय, आणखी काही वर्षं तसंच चालो.

उसने शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी आणखी एक. ही प्रार्थना खरंच उसनी आहे, आणि लपवतही नाही. पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे, पहिल्या अध्यायातून, 28 आणि 42 या ओव्यांमधून. आधी देवदूत मरियेला काय म्हणाला ते, आणि मग अलीशिबा काय म्हणाली ते. अलीशिबा म्हातारपणी गरोदर, मरिया कोवळी पोर, तीही गरोदर, यहुदाच्या डोंगराळ भागात तिला भेटायला आलेली. दारात उभ्या असलेल्या दोन बायका, आणि एकीने दुसरीला पाहून काढलेला आनंदाचा उद्गार. शेकडो वर्षं प्रार्थना तेवढीच होती. काही मागणं नाही. नुसतं 'ये, तुझं कौतुक आहे.' विनवणीचा दुसरा अर्धा भाग मध्ययुगाच्या उत्तरार्धात लोकांच्या तोंडून हळूहळू जोडला गेला, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा, आणि 1568 साली पोप पाचवे पायस यांच्या प्रार्थनाग्रंथात आजचं रूप पक्कं झालं. आपल्या भाषेत, पॅच आधीपासून फिरत होता, मर्ज 1568 मध्ये झाला :-)

आणि त्या पॅचमध्ये काय मागितलंय? व्हिसा नाही. बरं करणंसुद्धा नाही. 'आमच्यासाठी विनव' एवढंच, आणि तेही फक्त दोन वेळांसाठी, आत्ता आणि मरताना. मधल्या सगळ्या आयुष्याचा, प्रमोशन-ईएमआय-शाळा-प्रवेश या सगळ्याचा उल्लेखच नाही. लहानपणी मी हे हजारो वेळा म्हटलं, आणि त्या दोन वेळा मला दोन टोकांना दिसायच्या, मधे प्रचंड अंतर. त्या खुर्चीत बसून म्हणताना त्या दोन वेळांमधलं अंतर संपलेलं होतं. पप्पांची 'आत्ता' आणि पप्पांची ती वेळ एकच झाली होती. हे वाक्य मला तीस वर्षांपूर्वी कोणी समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि परीक्षेत दोन मार्क मिळवले असते. समजलं तेव्हा समजलं. पण समजण्याची वेळ आली तेव्हा ते तोंडात तयार होतं, हे महत्त्वाचं. तिथे बसून पाठ करायला कोणाला जमलं असतं?

आणखी एक, ते 'आमच्यासाठी' आहे. एकटा म्हटलं तरी 'आमच्यासाठी'. माझ्या सगळ्या ओरिजिनल प्रार्थनांत हा शब्द एकदाही आलेला नाही.

बरं, हल्ला फक्त नास्तिक मित्रांकडून होतो असं नाही. माझा एक चुलतभाऊ काही वर्षांपूर्वी एका नव्या प्रार्थनागटात गेला. तो मत्तयचा सहावा अध्याय, सातवी ओवी काढून दाखवतो. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका असं येशूने सांगितलंय, आणि तुम्ही मणी मोजत बडबडता! अरे दादा, तोच मत्तय विसाव्या पानानंतरही वाचायचा असतो. सव्विसाव्या अध्यायात, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, येशू तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो असं स्पष्ट लिहिलंय. 44 वी ओवी. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री त्यालाही नवीन शब्द सुचले नाहीत, किंवा लागले नाहीत. स्तोत्रसंहितेतलं 136 वं स्तोत्र बघ, 26 ओव्या आणि प्रत्येकीचा शेवट तोच. व्यर्थ बडबड वेगळी, पुन्हापुन्हा म्हणणं वेगळं. (आणि त्याच्या गटात ड्रम आणि कीबोर्ड लावून एकच ओळ पंधरा मिनिटं गातात. ती मोजलेली नसते, एवढाच फरक.)

पण सगळ्यात जास्त डोक्यात जातात ते आमचे समर्थक. एचआरच्या वेलनेस सत्रात एका पाहुण्याने सांगितलं की रोझरी ही 'मूळची ब्रीदिंग टेक्निक' आहे. चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही ते फिरतं, 'विज्ञानाने सिद्ध केलं' वगैरे. अभ्यास खरा आहे. डिसेंबर 2001 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली आवे मारिया आणि 'ओम मणि पद्मे' मंत्र म्हणवून घेतले, तर दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या लयीवर चांगला परिणाम दिसला. मस्त. मला यात काही अडचण नाही. पण फायदा श्वासाचाच असेल तर एकोणतीसचा पाढा लयीत म्हणा की, तोही चालेल. मरियेला कशाला त्रास? पप्पांच्या उशाशी बसून मी माझ्या हृदयाच्या लयीची काळजी घेत नव्हतो. जी गोष्ट उपयोगी आहे म्हणून टिकवायची, ती जास्त उपयोगी अ‍ॅप आलं की टाकून द्यायची. त्यापेक्षा माझा शून्य बिटवाला मित्र परवडला, तो निदान प्रार्थनेला प्रार्थना समजून नाकारतो.

त्याच्या घरच्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनांचा विषय मी कँटीनमध्ये मुद्दाम काढला नाही. 'तुम्ही पण करता' हे उत्तर नव्हे. पण इथे काढतो, टोमणा म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. या प्रदेशात वारकरी संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, तोच, रोज. टाळ घेऊन उभा असलेला माणूस 'यात आज नवीन काय?' असं विचारत नाही. त्याला ठाऊक असतं की नवीन व्हायचं ते हरिपाठाने नव्हे, आपण. मराठी माणसाला पुनरावृत्ती समजावून सांगायची वेळ यावी, तीही माझ्यासारख्या वसईच्या किरिस्तावाने, हे जरा गमतीचंच आहे.

आता माझी बाजू कुठे पडते तेही सांगतो, नाहीतर वकिली वाटेल. सध्या मी आठवड्यातून चार-पाच दिवस माळ म्हणतो, बहुतेक वेळा गाडीत, ट्रॅफिकमध्ये. तिसऱ्या मण्याला मी कालच्या बगमध्ये असतो. सातव्याला परत येतो. पाच दशकांत एखादं धड होतं. काही आठवडे एकही नाही. म्हणजे टीकाकार जे वर्णन करतात, यांत्रिक, बेध्यान, तोंडदेखलं, ते बहुतेक दिवशी शब्दशः बरोबर आहे. फक्त त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. बॅकअपही रोज यांत्रिकपणेच घेतात. रिस्टोअर आयुष्यात एकदा लागतो.

आणि तो जुना लेख? त्यातला अर्धा मी मागे घेतो. परीक्षेत ओकून विसरण्यासाठी जे घोकून घेतात, मराठ्यांच्या ऱ्हासाची सात कारणं वगैरे, त्याच्याविरुद्ध मी आजही आहे. पण 'न समजता काहीही पाठ करून घेऊ नये' असं एक वाक्य मी तिथे छातीठोकपणे लिहिलंय, ते चूक आहे. पाठ केलेल्या काही गोष्टी लगेच वापरायच्या नसतात. त्या पुढे कधीतरी लागतात, आणि लागतील तेव्हा शिकायला सवड नसते.

लेकीला हे असलं काही मी सांगितलेलं नाही. तिचे प्रश्न वेगळे आहेत. "मी कुठे पापी आहे?" हा पहिला. त्यावर तिच्या आईने कालच्या भांड्यांचा आणि लपवलेल्या चॉकलेटचा विषय काढला, तो प्रश्न मिटला. दुसरा प्रश्न अजून मिटलेला नाही: "मरायच्या वेळचं आत्ताच का सांगून ठेवायचं? अ‍ॅडव्हान्स बुकिंग असतं का?" मी म्हटलं, असतं बहुतेक.

काल रात्री ब्रश करताना फेसाने भरलेल्या तोंडाने तिने दुसरा अर्धा भाग एका दमात म्हणून दाखवला. स्पीड बघून आजोबा आठवले, म्हणजे त्यांचा वैताग आठवला. पहिला मात्र अजून कच्चा आहे, 'कृपे'च्या पुढे गाडी अडते. उद्या रविवार, सिस्टर विचारणार. "पप्पा, तू सुरुवातीचं म्हण," ती म्हणाली, "मला उत्तराचं येतं." मग मी म्हटलं.